ड्राइव्ह निवडायची खिडकी, काही महिने वापरल्यावर: सगळं आहे, सिरीयल नंबर नाही

मध्यंतरी रीइमेजिंगसाठी (जुनं पुसून विंडोज नव्याने टाकण्यासाठी) एक मशीन आलं. आत दोन ड्राइव्ह, दोन्ही एकाच मॉडेलचे, दोन्ही १ टीबी एनव्हीएमई (वेगवान जातीचे एसएसडी). एकावर वापरणाऱ्याचा सगळा डेटा, दुसरा नुकताच बसवलेला. टेक्निशियनने पीएक्सईने (नेटवर्कवरून) बूट केलं, टास्क सीक्वेन्स (इन्स्टॉलच्या ठरलेल्या पायऱ्यांची यादी) निवडला आणि ड्राइव्ह निवडायची खिडकी उघडली. त्यात दोन ओळी होत्या. डिस्क ०, मॉडेल, ९३१.५ जीबी. डिस्क १, तेच मॉडेल, ९३१.५ जीबी. त्याने फोन करून विचारलं, "सर, यातला नवा कुठला?" मलाही सांगता येईना, कारण ओळखण्यासारखं त्या खिडकीत काहीच नव्हतं, ड्राइव्हच्या भागांना दिलेल्या नावांच्या (लेबलांच्या) स्तंभातही नाही. शेवटी मशीन बंद केलं, झाकण उघडलं, डेटाचा ड्राइव्ह बाहेर काढून ठेवला आणि मग विंडोज टाकलं. निवड करायची सोय विकत घेऊनही निवड स्क्रूड्रायव्हरने करावी लागते, याचा मला मनापासून राग आला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ही खिडकी म्हणजे कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या (अनेक मशीन एकत्र सांभाळायच्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरच्या) टास्क सीक्वेन्ससाठी विकत मिळणारं एक अ‍ॅड-ऑन आहे. परवाना वर्षाचा, मशीनच्या संख्येवर. नाव देत नाही, कारण मी पाहिलेल्या अशा बहुतेक खिडक्यांत हीच उणीव आहे. कोणाला एका कंपनीवर चिडायला लावून उपयोग नाही. विनपीई म्हणजे इन्स्टॉल करताना चालणारं छोटं तात्पुरतं विंडोज आणि 'फॉरमॅट अँड पार्टिशन डिस्क' म्हणजे ड्राइव्ह पुसून त्याचे भाग (पार्टिशन) पाडणारी पायरी, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आधी मी असं काही विचारण्याच्याच विरुद्ध होतो. डिप्लॉयमेंट ऑटोमेट करायचं आणि मध्येच माणसाला प्रश्न विचारून थांबायचं, हे मला पटत नव्हतं. माझा नियम सोपा होता: एनव्हीएमई असेल तर त्यावर, नसेल तर सर्वात लहान एसएसडीवर, यूएसबी कधीच नाही. बस टाइप (ड्राइव्ह कुठल्या जोडणीवर आहे ते सांगणारा आकडा) वाचायचा, एनव्हीएमई म्हणजे १७, साटा म्हणजे ११, यूएसबी म्हणजे ७, त्यावरून क्रमांक ठरवायचा आणि तो व्हेरिएबलमध्ये टाकायचा. पार्टिशनच्या पायरीत डिस्कचा क्रमांक व्हेरिएबलमधून घेता येतो, त्यामुळे पूर्वीसारख्या डिस्क ० साठी एक आणि डिस्क १ साठी एक अशा अटी लावलेल्या पायऱ्या रचाव्या लागत नाहीत.

हा नियम मोडला तो इंटेलच्या व्हीएमडीमुळे, म्हणजे प्रोसेसरमधल्या ड्राइव्हच्या कंट्रोलरमुळे. इंटेल प्रोसेसरच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर बायोसमध्ये व्हीएमडी चालू असतं. बूट इमेजमध्ये (विनपीई ज्यातून सुरू होतं त्या फाइलमध्ये) त्याचा ड्रायव्हर नसेल तर विनपीईला ड्राइव्ह दिसतच नाही. ड्रायव्हर घातला की दिसतो, पण बस टाइप एनव्हीएमई न येता रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र चालवायची पद्धत) येतो, म्हणजे ८. नियम १७ शोधत बसतो, काहीच सापडत नाही, मग 'सर्वात लहान एसएसडी' या दुसऱ्या अटीवर उतरतो. मशीनमध्ये जुनी छोटी साटा एसएसडी डेटासाठी ठेवलेली असेल तर निवड तिचीच होते. रेडची भर घालून नियम दुरुस्त करता आला, पण लगेच दुसरा प्रश्न आला. काहींनी मोठा वेगवान ड्राइव्ह मुद्दाम डेटासाठी घेतलेला असतो आणि विंडोज लहान ड्राइव्हवर हवं असतं. हे कुठल्याही बस टाइपवरून कळत नाही. ते फक्त त्या माणसाला माहीत असतं. इथे माझं मत बदललं. विचारायलाच हवं.

डिस्कच्या क्रमांकावर विसंबणं तर त्याहून वाईट. विंडोजमधला डिस्क क्रमांक मदरबोर्डवरच्या पोर्टशी जुळेलच असं नाही, हे मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. ड्राइव्ह ज्या क्रमाने सापडतात तसे क्रमांक पडतात, त्यामुळे आजची डिस्क ० उद्या डिस्क १ होऊ शकते. माणसाला विचारायचं आणि उत्तर या क्रमांकात मागायचं, म्हणजे विचारून न विचारल्यासारखंच.

तर अ‍ॅड-ऑन घेतलं. सुरुवातीचे महिने मी खूश होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. विनपीईमध्ये ते पटकन उघडतं. टास्क सीक्वेन्सची प्रगती दाखवणारी पट्टी आधी बंद करतं, त्यामुळे खिडकी तिच्यामागे लपत नाही. यूएसबी गाळतं, म्हणजे मीडिया पेनड्राइव्हवरून बूट केलं तरी तो पेनड्राइव्ह यादीत येत नाही. एकच ड्राइव्ह असेल तर काही न विचारता पुढे जातं. बहुतेक मशीन एकाच ड्राइव्हचे असतात, त्यामुळे ही सोय रोज वेळ वाचवते. निवडलेला क्रमांक व्हेरिएबलमध्ये नीट जातो. व्हॉल्यूमची लेबलंही एका स्तंभात दिसतात.

ड्राइव्ह वेगवेगळ्या आकाराचे होते तोवर हे सगळं चाललं. ५१२ जीबीचा ४७६.९ दिसतो, १ टीबीचा ९३१.५ दिसतो, दोन-चार वेळा पाहिलं की टेक्निशियनना सवय होते. दोन सारखे ड्राइव्ह आले आणि सगळा डोलारा कोसळला.

मी कंपनीला लिहिलं. मागणी एकच होती: यादीत सिरीयल नंबरचा स्तंभ द्या. उत्तर आलं की मॉडेल आणि आकार पुरेसे आहेत, वापरणाऱ्यांना सिरीयल नंबर गोंधळात टाकतो. मी पुन्हा लिहिलं, दोन सारख्या ओळींचा स्क्रीनशॉट जोडला. त्यावर विनंती नोंदवून घेतल्याचं आलं. नंतर विचारल्यावर तिकीट बंद केलेलं दिसलं. वर्षाचा परवाना भरणाऱ्या ग्राहकाला एका स्तंभासाठी असं झुलवणं मला मान्य नाही. ही माहिती विंडोजकडे आधीच आहे, पॉवरशेलमध्ये 'गेट-डिस्क' ही आज्ञा चालवली की सिरीयल नंबर मिळतो. कंपनीने तो फक्त पडद्यावर आणायचा होता.

अर्थात इथे एक खरी अडचण आहे, आणि सपोर्टने तीच सांगितली असती तर मी ऐकून घेतलं असतं. एनव्हीएमईच्या बाबतीत 'गेट-डिस्क' जो सिरीयल नंबर दाखवतं तो बऱ्याचदा लेबलवर छापलेला नसतो. तिथे येतो ईयूआय-६४ ओळखक्रमांक: चार-चार अक्षरांचे गट, मध्ये अंडरस्कोर, शेवटी टिंब. टेक्निशियन हातातल्या ड्राइव्हवरचा नंबर पाहतो, पडद्यावरचा पाहतो, दोन्ही जुळत नाहीत. पण 'गेट-फिजिकलडिस्क'मध्ये अ‍ॅडाप्टरसिरीयलनंबर नावाचा वेगळा गुणधर्म आहे आणि निर्मात्याचा सिरीयल नंबर तिथे मिळतो. माझ्या मशीनवर तो लेबलशी जुळला. म्हणजे काम थोडं वाढतं, पण ते अशक्य नाही.

लिनक्सकडे हे किती वर्षं सरळ आहे ते पाहिलं की राग आणखी वाढतो. तिथे 'डिस्क/बाय-आयडी' फोल्डरमधल्या नावातच मॉडेल आणि सिरीयल नंबर असतो. उबंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये स्टोरेजचा भाग तेवढा इंटरअ‍ॅक्टिव्ह ठेवता येतो, बाकी सगळं आपोआप होतं, आणि कोणाला विचारायचं नसेल तर ड्राइव्ह सिरीयलवरून नेमकाही देता येतो. विंडोज सेटअपमध्येही उत्तरांच्या फाइलमधला डिस्कचा भाग गाळला की ते पान माणसासमोर येतं. पण तिथेही पानावर क्रमांक, आकार, मोकळी जागा आणि प्रकार एवढंच. सिरीयल नाही.

मग ते पान मी स्वतः लिहिलं. पॉवरशेलचा साधा फॉर्म आहे. बूट इमेजमध्ये डब्ल्यूएमआय, डॉटनेट, स्क्रिप्टिंग, पॉवरशेल आणि स्टोरेज-डब्ल्यूएमआय एवढे घटक लागतात. शेवटचा नसेल तर 'गेट-डिस्क' सापडतच नाही. विनपीईमध्ये टास्क सीक्वेन्सचं व्हेरिएबल फॉर्ममधून लिहिता येतं, पडद्यावर येण्यासाठी प्रगतीची पट्टी बंद करण्यापलीकडे वेगळं काही करावं लागत नाही. यादीत आता आधी सिरीयल, मग मॉडेल, मग आकार, मग पार्टिशनची संख्या. क्रमांक शेवटी, बारीक अक्षरात. आधीपासून कुठलीच ओळ निवडलेली नसते. ओळ निवडली की सिरीयलची शेवटची चार अक्षरं टाइप करावी लागतात, तोवर 'पुढे' हे बटण दबत नाही. लोक कंटाळतील असं मला सांगण्यात आलं होतं. कंटाळले नाहीत. उलट ती चार अक्षरं टाइप करताना माणूस हातातल्या खोक्यावर खरोखर पाहतो. नव्या ड्राइव्हच्या खोक्यावर सिरीयल सहसा छापलेला असतो. जुन्या मशीनसाठी रीइमेजिंगला पाठवण्याआधी चालू विंडोजमध्येच दोन्ही ड्राइव्हचे नंबर आणि कशावर काय आहे ते तिकिटात लिहून घ्यायचं ठरवलं आहे. झाकण उघडावं लागत नाही.

पार्टिशनची संख्या का घातली, ते महत्त्वाचं आहे. अ‍ॅड-ऑनमध्ये लेबलांचा स्तंभ आहे आणि मला तो सुरुवातीला आवडला होता. आता त्याच स्तंभाची भीती वाटते. ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजच्या ड्राइव्ह कुलूपबंद करायच्या सोयीने) बंद असेल तर विनपीईमध्ये त्याचं लेबल वाचता येत नाही, रकाना रिकामा राहतो. समोरच्या माणसाला वाटतं, ड्राइव्हच रिकामा आहे. म्हणजे सगळ्यात जपून ठेवलेला डेटा यादीत सगळ्यात निरुपद्रवी दिसतो. चाचणीच्या मशीनवर मुद्दाम असा ड्राइव्ह लावून पाहिला तेव्हा मी ते मान्य केलं: हा स्तंभ नसता तर बरं झालं असतं. पार्टिशनची संख्या मात्र कुलूप असलं तरी दिसते. शिवाय अशा व्हॉल्यूमच्या सुरुवातीला 'एफव्हीई-एफएस' ही खूण असते. ती सापडली तर माझा फॉर्म त्या ओळीत 'कुलूपबंद' लिहितो.

वेळेच्या मर्यादेबद्दल थोडक्यात. रात्री लावलेलं मशीन खिडकीशी अडकून राहू नये म्हणून अ‍ॅड-ऑनमध्ये टायमर आहे, आणि वेळ संपली की ते पहिली ओळ घेऊन पुढे जातं. हे मी पहिल्याच दिवशी बंद केलं. वेळ संपली तर टास्क सीक्वेन्स थांबायला हवा. कोणाचा तरी ड्राइव्ह पुसून पुढे जाता कामा नये.

ड्राइव्ह निवडून झाला तरी पुढे दोन ठिकाणी पाय घसरतो, ते अशी खिडकी लावणाऱ्यांनी बघून घ्या. 'अप्लाय ऑपरेटिंग सिस्टम'मध्ये 'पुढचं उपलब्ध पार्टिशन' ठेवलं तर निवडलेला ड्राइव्ह सोडून विंडोज दुसरीकडे जाऊ शकतं. पार्टिशन करताना ड्राइव्हचं अक्षर व्हेरिएबलमध्ये घ्या आणि तेच इथे द्या. दुसरं म्हणजे, जुन्या ड्राइव्हवर ईएफआय पार्टिशन (बूट करायच्या फाइलींचा भाग) आणि जुनं विंडोज तसंच राहिलं असेल तर फर्मवेअर कधी कधी तिकडून बूट होतं आणि सगळं नीट होऊनही पडद्यावर जुनंच विंडोज येतं. माणसं यात तास घालवतात. खिडकीने इथे इशारा द्यायला हवा. अ‍ॅड-ऑन देत नाही, माझा फॉर्मही अजून देत नाही, ते काम बाकी आहे.

टास्क सीक्वेन्सच्या तात्पुरत्या फाइल मोकळी जागा जास्त असलेल्या ड्राइव्हवर जातात. म्हणजे बऱ्याचदा डेटाच्याच. ते बदलायचं व्हेरिएबल सीक्वेन्स सुरू होण्याआधी ठरवावं लागतं, आतल्या कुठल्याही खिडकीला तिथे हात घालता येत नाही. यात अ‍ॅड-ऑनचा दोष नाही.

दोन-चार मशीन असतील आणि प्रत्येकात एकच ड्राइव्ह असेल तर यातलं काहीच लागत नाही, विकतचं तर नाहीच. मिश्र मशीन असतील आणि हाताशी पॉवरशेल जाणणारं कोणी असेल तर पैसे वाचवा, पान स्वतः लिहा. विकत घ्यायचंच असेल तर डेमोच्या मशीनवर एकाच मॉडेलचे दोन ड्राइव्ह लावायला सांगा आणि खिडकीत काय दिसतं ते पाहून मग ठरवा.

परवान्याची मुदत अजून बाकी आहे, म्हणून मशीनचं नाव आणि विभाग विचारणारी पानं सध्या त्याच अ‍ॅड-ऑनमध्ये आहेत. फक्त ड्राइव्हचं पान माझं. मुदत संपली की तीही स्क्रिप्टमध्ये हलवणार आहे. ती पानं सोपी आहेत, त्यात काही पुसलं जात नाही.