गाणं सगळीकडे टाकून देणारी सर्व्हिस: ५ पैकी अडीच स्टार

नाव घेत नाही, वर्षाचे पैसे एकदा भरा न कितीही गाणी टाका म्हणणारी हाय ती. आमचा ग्रुप आर्णीकडचा, १४ एप्रिलले भीमगीतं, नवरात्रात जागरण, हळदीचे कार्यक्रम मात्र डीजेनं खाल्ले, म्हणून म्हटलं स्वतःची गाणी ऑनलाइन टाकू.

चांगलं आधी सांगतो. टाकणं सोपं हाय. फाइल, चौकोनी फोटो, गीतकार-संगीतकाराची नावं, आयएसआरसी नंबर (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळखीचा नंबर) तेच देतात, आठवड्याच्या आत गाणं स्पॉटिफाय, जिओसावन सगळीकडे. ढोलकीवाले काका मोबाईलवर आपलं नाव पाहून आख्ख्या पानटपरीले दाखवून आले. भाषेत मराठी हाय, पण गाण्याचा प्रकार विचारतात तिथं भीमगीताले जागाच नाही, जवळचं काय तर डिव्होशनल. बाबासाहेबांच्या गाण्याले डिव्होशनल? आमच्या गीतकाराचं डोकंच फिरलं, शेवटी फोक टाकलं.

आता पैसा. 'शंभर टक्के रॉयल्टी तुमची' हे खोटं नाही, पण शंभर टक्के कशाचे बाप्पा? स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत गाणं १००० वेळा वाजलं नसन तर रेकॉर्डिंगचा एक रुपया भेटत नाही. वाजलं तरी एका वेळेचा ठरलेला भाव नसते, सगळा पैसा एका ढिगात न ज्याचं जितकं वाजलं तितका त्याचा वाटा, त्या ढिगात मोठ्या लेबलची सिनेमाची गाणी बसलेली. आमचे ऐकणारे तर यूट्यूबवर, नाहीतर मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून नेतात, ते पैसे दुकानदाराचे.

न गीतकार-संगीतकाराचा हक्क वेगळाच, तो या सर्व्हिसमधून येतच नाही, त्यासाठी आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, मेंबरशिप घ्या लागते. २०१२ च्या कायद्याच्या दुरुस्तीनंतर तो रॉयल्टीचा वाटा कंपनीले लिहून देता येत नाही. एवढी कामाची गोष्ट, यांच्या मदतीच्या पानावर एक ओळ नाही.

एक स्टार कापला तो यूट्यूबच्या भानगडीसाठी. फॉर्मवर कॉन्टेंट आयडीची (कोणाच्या व्हिडिओत आपलं गाणं हाय ते यूट्यूबनं आपोआप ओळखायची सोय) खूण आधीच लावलेली असते. झालं काय, आमच्याच चॅनलवर आमच्याच व्हिडिओले कॉपीराइट क्लेम, लावणारे हेच! जाहिरातीचे पैसे यांच्या खात्यात, न ठरलेली रक्कम जमल्याशिवाय ते काढता येत नाहीत. तक्रार टाकली तर इंग्रजीत तेच ते मशीनचं उत्तर, चॅनलची लिंक पाठवून पाठवून शेवटी क्लेम सुटला.

बाकीचा कापला प्लॅनसाठी. पैसे भरणं थांबलं की गाणी उतरवतात. आमचा प्लॅन संपते ऑगस्टात, तवा घरात जे असते ते फवारणीले जाते, कापसाचा पैसा दिसते दिवाळीच्या आसपास. तेवढी मुदत मागितली तर ऑटो-पे चालू करा म्हणे. पुन्हा टाकायची वेळ आलीच तर जुनाच आयएसआरसी द्या, नाहीतर वाजल्याचा आकडा शून्यावरून सुरू होते.

महिन्याले नवं गाणं काढणारा असन तर घ्या, परवडते. वर्षातून एकदोन काढणाऱ्यानं एका गाण्याचे एकदाच पैसे घेणाऱ्या, नाहीतर फुकट टाकून कमिशन कापणाऱ्या सर्व्हिस पाहाव्या. आम्ही जयंतीचं गाणं तसंच कमिशनवाल्याकडं टाकून रायलो.