बंद पडलेल्या कौटुंबिक जलतरण क्लबचे चार उन्हाळे : एका सभासदाचा वापरानंतरचा अनुभव

जी सोय आता अस्तित्वातच नाही तिच्याविषयी लिहून काय हशील, असे कोणी विचारील. परंतु आमच्या भागात नवा तलाव होऊ घातला आहे आणि सभासद व्हावे की नाही, असे ओळखीचे लोक मला विचारू लागले आहेत, म्हणून जुन्या क्लबचा अनुभव सविस्तर नोंदवतो.

अमरावती जिल्ह्याच्या वरुड-मोर्शी पट्ट्यातील एका संत्राबागेला लागून असलेला हा क्लब आमच्या कुटुंबाने २०१६ ते २०१९ असे चार उन्हाळे, मार्चच्या मध्यापासून मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत (शेवटच्या वर्षी मेच्या मध्यापर्यंतच), जवळपास रोज वापरला. तलाव २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि साडेतीन ते पाच फूट खोल होता, म्हणजे त्यात सुमारे सव्वातीन लाख लिटर पाणी मावत असे. कपडे बदलण्याच्या खोल्या पत्र्याच्या होत्या व दुपारनंतर त्यांत उभे राहवत नसे. उपाहारगृहाविषयी न लिहिलेलेच बरे.

पैसे वसूल झाले ते सायंकाळच्या स्त्रियांच्या तासामुळे. आमच्याकडे पोहणे म्हणजे विहीर. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, काकाने काठावरून ढकलायचे आणि दोन-चार घोट पाणी पोटात गेले की पोहणे आलेच. ही रीत मुलांपुरती होती, मुली काठावर बसून भावांचे कपडे राखत. माझ्या आईने चाळीस वर्षे विहिरीचे पाणी शेंदले, परंतु छातीभर पाण्यात ती एकदाही उतरलेली नव्हती. क्लबात पहिला आठवडा तिने कडेचा स्टीलचा दांडा दोन्ही हातांनी धरून काढला. शिकवणाऱ्या बाईंनी घाई केली नाही. त्यांनी आधी तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायला, मग फोमची पाटी छातीशी धरून पाय मारायला शिकवले. तिसऱ्या आठवड्यात आईने पाटी सोडली आणि चार-पाच हात अंतर कापून ती पुन्हा दांड्याला लागली, तेव्हा काठावरच्या शेजारणी ओरडल्या, ‘‘अवो काकू, तुम्ही त पवाले लागल्या!’’ सुती कपड्यांचे तंतू गाळणीत अडकतात म्हणून ते चालत नसत, आणि पोहण्याचा पोशाख घालायला बायका तयार नव्हत्या. शेवटी गडद रंगाची नायलॉनची विजार व पूर्ण बाह्यांचा सदरा यावर तडजोड झाली. ही मुभा मिळाली नसती तर त्या तासाला कोणी फिरकलेच नसते.

पाण्याबाबत मात्र तक्रार आहे. पहिली दोन वर्षे कर्मचारी रोज सकाळी दोन नळ्यांच्या पेटीत पाणी तपासत. एका नळीत पिवळ्या रंगावरून क्लोरीन, दुसरीत लालसर छटेवरून सामू (पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप), जो ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा लागतो. २०१८ मध्ये सुटीच्या दिवशी बाहेरच्या लोकांना तिकिटावर सोडणे सुरू झाले, पेटी दिसेनाशी झाली आणि पाण्याला उग्र वास येऊन मुलांचे डोळे लाल होऊ लागले. क्लोरीन जास्त पडले असावे, असा माझाही समज होता. वास्तविक तो वास घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन येतो, आणि त्यावर उपाय म्हणजे पुरेसे क्लोरीन व ताजे पाणी.

ताजे पाणी आणायचे कोठून, हाच खरा प्रश्न होता. मे महिन्यात टाइलवरची पाण्याची रेघ दिवसाला साधारण एक सेंटीमीटर खाली जाई. एवढ्या तलावात त्याचा अर्थ रोज अडीच हजार लिटर, आणि गाळणी उलटी धुताना वाहून जाणारे पाणी वेगळेच. वरुड तालुका भूजलाच्या अतिउपशासाठी आधीच ओळखला जातो. २०१८ चा पाऊस कमी झाला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात या पट्ट्यातील संत्र्याच्या बागा उभ्या वाळल्या. एकाच बोअरवर बाग आणि तलाव दोन्ही चालत असल्याने मालकांनी मेच्या मध्यात तलाव बंद करून पाणी झाडांना दिले. शेतकरी म्हणून मला तो निर्णय पटला. सभासद म्हणून उरलेल्या महिन्याचे पैसे परत मिळायला हवे होते. पुढच्या हंगामाची नोंदणी झाली आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. त्यानंतर तलाव उघडलाच नाही, अनामत रकमेसाठी केलेल्या फोनांना ‘‘पाहू’’ एवढेच उत्तर मिळत राहिले.

नव्या ठिकाणी पैसे भरण्यापूर्वी मेमध्ये पाणी कोठून येणार हे विचारावे, तपासणीची पेटी डोळ्यांनी पाहावी, आणि स्त्रियांचा तास पावतीवर लिहून घ्यावा. आईने मला तिची पावती आधीच फाडायला सांगितली आहे. तिची फोमची पाटी अजून घरात आहे. सध्या गच्चीवर कुरडया राखताना ती बसायला घेते.