कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट आणि एकच यादी

आमचा कांदा-लसूण मसाला डंकावर कुटलेला असतो. सहा वर्षं तो साध्या पिशवीत, वर स्टिकर लावून विकला. गेल्या वर्षी छापील पाऊच करायचं ठरवलं आणि डिझाइनचं काम कोल्हापुरातल्या एका छोट्या स्टुडिओला दिलं. त्याआधी दुसरीकडे एकदा हात पोळले होते. मोबाईलवर पसंत केलेला झळझळीत लाल रंग छापून आला तो विटकरी. दोन हजार स्टिकर वाया गेले, वर "तुम्हीच हो म्हणालात ना" हे ऐकून घ्यावं लागलं.

इथे पहिल्या भेटीत स्टुडिओच्या मॅडमनी एकही चित्र दाखवलं नाही. मसाला कोण नेतं, दुकानात तो कुठल्या फळीवर असतो, शेजारी कोणाची पाकिटं असतात, हेच विचारत राहिल्या. मग एप्रिलमध्ये स्वतः डंकावर आल्या. रंगाला ब्याडगी आणि तिखटाला लवंगी मिरची का, हे समजून घेतलं. पाऊचचा लाल रंग तिथेच, ताज्या कुटलेल्या मसाल्याशेजारी छापील शेडकार्ड धरून ठरवला. स्क्रीनवरचा रंग उजेडाचा आणि कागदावरचा शाईचा, दोन्ही हुबेहूब जुळत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. आधीच्या माणसाने एवढं सांगितलं असतं तरी माझं नुकसान टळलं असतं.

काम सुरू करण्याआधी एका पानावर सगळं लिहून घेतलं: फी अठरा हजार, निम्मे आधी, दोनदा बदल त्यातच, तिसऱ्यांदा वेगळे पैसे. मला ते जरा रुक्ष वाटलं होतं. पण पहिला नमुना आला आणि दीर, जाऊ, मुलगी, सगळे आपापल्या सूचना परस्पर त्यांना पाठवू लागले. तेव्हा त्यांचा फोन आला, "ताई, मतं सगळ्यांची घ्या, पण आमच्याकडे एकच यादी येऊ दे, तुमच्या हातची." त्या रात्री आम्ही ओट्याशी बसून यादी केली. घरातली निम्मी भांडणं तिथेच मिटली.

एका गोष्टीवर मी अडून बसले होते: नाव मोठं करा. त्यांनी विचारलं, का? सांगलीच्या प्रदर्शनात लांबून कुणाला वाचता येत नव्हतं, असं मी सांगितलं. त्यांनी अक्षर तेवढंच ठेवलं आणि नावामागचा मिरच्यांचा फोटो काढून टाकला. नाव दहा फुटांवरून दिसायला लागलं. फोटो गेल्यावर रंगही कमी झाले. आमच्या पाऊचच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, लागतो. आठ रंगांवरून पाचावर (पांढरा धरून) आलो ती थेट बचत.

आणखी एक. 'लसूण'मधला ल हिंदी वळणाचा आला होता. माझ्या लक्षातही आलं नव्हतं, त्यांनीच आपणहून मराठी वळणाचा ल असलेला फॉन्ट घेतला. आपला ल आपल्या पाकिटावर बघून मला फार बरं वाटलं. अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत हे सगळं त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि खाली सही.

उणीव सांगायची तर काम नऊ दिवस उशिरा आलं आणि दिवाळीची पहिली ऑर्डर मला जुन्याच पिशवीत द्यावी लागली. उशीर होणार हे त्यांनी आठवडाभर आधी सांगितलं होतं, म्हणून दुकानदाराला तोंड दाखवता आलं. तरीही सणाच्या तोंडावर काम देणार असाल तर हाताशी महिनाभर जास्त ठेवा.

शेवटचे पैसे दिले त्याच दिवशी मूळ फाईल, फॉन्टची नावं आणि रंगांचे नंबर पेनड्राइव्हवर मिळाले. मागावं लागलं नाही. आता जवसाच्या चटणीचं लेबल त्यांच्याकडेच दिलंय. या वेळी यादी मी आधीच करून नेली.