अल्ट्रा बॉल, नेस्ट बॉल आणि मंडळी: डेकमधून कार्ड शोधणाऱ्या कार्डांचा रिव्ह्यू, नियमांसकट

पोकेमॉन टीसीजी, म्हणजे पोकेमॉनचा कार्डांचा खेळ, त्याच्या कार्डांबद्दल लोक लिहितात तेव्हा बहुतेक वेळा डॅमेज किती, एचपी (किती मार सोसतो ते) किती, चित्र कसलं भारी यावरच सगळं संपतं. मला मात्र या खेळात सगळ्यात जास्त जीव असलेली कार्डं वाटतात ती डेक शोधणारी, म्हणजे "सर्च युअर डेक" असं लिहिलेली. साधा हिशोब आहे, डेक ६० कार्डांचा, सुरुवातीला हातात ७, बाजूला प्राइझ म्हणून (समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की उचलायची झाकलेली कार्डं) ६, म्हणजे उरलेली ४७ कार्डं तुमची असूनही तुमच्या हाताबाहेर. ती हातात आणणारं कार्ड हेच खरं डेकचं इंजिन. पण ही कार्डं जितकी वापरली जातात तितकेच टेबलावर वाद होतात त्यांच्यावरून, असं चालतं का, दाखवायचं का, काही सापडलंच नाही तर काय. म्हणून रिव्ह्यू लिहिताना नियम सोडून लिहिण्यात अर्थ नाही. शोधणाऱ्या कार्डाची किंमत त्याचा नियम तुम्हाला किती कळलाय त्यावर ठरते असं माझं ठाम मत आहे.

अल्ट्रा बॉलपासून सुरू करते कारण तो माझ्या दृष्टीने पाचपैकी पाच. २०१२ मध्ये डार्क एक्सप्लोरर्स सेटमध्ये आला आणि पुढे सन अँड मून, ब्रिलियंट स्टार्स, स्कार्लेट अँड व्हायोलेट असा पुन्हा पुन्हा छापला गेला, आणि का ते खेळल्यावर लगेच कळतं. हातातली इतर दोन कार्डं डिस्कार्ड करायची (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात टाकायची), मग डेकमधून कुठलाही पोकेमॉन शोधायचा, समोरच्याला दाखवायचा, हातात घ्यायचा, डेक पिसायचा. बेसिक (थेट खेळता येणारा) असो, स्टेज टू (दोनदा उत्क्रांत झालेला) असो, ईएक्स (जास्त ताकदवान प्रकार) असो, अट एकच की पोकेमॉन हवा. यातला "इतर" हा शब्द नीट वाचा. हातात अल्ट्रा बॉल धरून किमान तीन कार्डं हवीत, दोनच असतील तर खेळताच येत नाही, अर्धी किंमत मोजून चालत नाही. दोन कार्डं जाणं नवीन माणसाला महाग वाटतं, साहजिक आहे, पण थोडं खेळलं की कळतं की डिस्कार्डमध्ये गेलेली एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारी कार्डं) परत आणणारी कार्डं डेकमध्ये असतील तर ती किंमत नाहीच, तो फायदा आहे.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. डेकमध्ये एकही पोकेमॉन उरलेला नाही हे मला माहीत आहे, तरी अल्ट्रा बॉल खेळता येतो का? येतो. दोन कार्डं टाका, डेक बघा, "काही नाही घेत" म्हणा, डेक पिसा, झालं. आणि पोकेमॉन डेकमध्ये असूनही नको असेल तरी हेच चालतं. बऱ्याच जणांना ही फसवणूक वाटते पण नाहीये, नियमच असा आहे, आणि त्यामागचं कारण मला फार पटतं. डेक ही झाकलेली जागा. आत काय आहे ते समोरच्याला दिसत नाही, मग तुम्ही "सापडलं नाही" म्हणालात तर ते खरं की खोटं हे तपासायला त्याला तुमचा अख्खा डेक बघावा लागेल, आणि तसं केलं तर खेळच संपला. म्हणून नियम सांगतो की अटीचं कार्ड शोधताना न सापडण्याची मुभा आहे. जे दोघांनाही दिसतंय ते मात्र आड येतं. डेकमध्ये शून्य कार्डं उरलीत हे दोघांना दिसतं, म्हणून रिकाम्या डेकवर अल्ट्रा बॉल खेळता येत नाही. हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

हाच नियम डिस्कार्ड पाइलला लावून बघा. नाइट स्ट्रेचर डिस्कार्डमधून एक पोकेमॉन किंवा एक बेसिक एनर्जी हातात देतो. डिस्कार्ड पाइल उघडी असते, कोणीही बघू शकतं, म्हणून तिथे तसं कार्ड नसेल तर नाइट स्ट्रेचर खेळायचाच नाही. अल्ट्रा बॉल चालतो आणि हा चालत नाही, दोघंही "शोधून आणणारे" असूनही, आणि फरक फक्त उघडं की झाकलेलं एवढाच.

मग मुद्दाम रिकामा अल्ट्रा बॉल कोण खेळेल? मी खेळते, आणि आनंदाने. समजा बेंचवर (राखीव पोकेमॉनच्या जागेत) बिबारेल हा पोकेमॉन आहे, त्याची खास ताकद, म्हणजे अ‍ॅबिलिटी हातात पाच कार्डं होईपर्यंत ओढायला देते. हातात पाच निरुपयोगी कार्डं अडकून बसलीत तर एकही मिळणार नाही, पण त्यातलाच एक अल्ट्रा बॉल खेळून दोन कार्डं टाकली, काही घेतलं नाही, तर हातात उरली दोन आणि ओढायला मिळाली तीन नवी. शिवाय डेक पिसला गेला ते वेगळंच. एखाद्या चालीने वर किंवा खाली कार्डं लावली गेली असतील आणि ती नको असतील तर फक्त पिसण्यासाठीसुद्धा शोध वापरतात लोक. या अशा वापरांमुळेच मी या कार्डाला पूर्ण मार्क देते.

दाखवायचं की नाही, हा दुसरा वाद. अल्ट्रा बॉलवर "रिव्हील" लिहिलंय कारण अट आहे, तुम्ही खरंच पोकेमॉनच घेतला हे समोरच्याला कळायला हवं. नेस्ट बॉलवर तो शब्द नाही, कारण तो बेसिक पोकेमॉन थेट बेंचवर ठेवतो, तिथे तो उघडाच पडतो, वेगळं दाखवायचं काय. आणि पिजॉट ईएक्सची क्विक सर्च अ‍ॅबिलिटी, जी दर टर्नला एकदा डेकमधून कुठलंही एक कार्ड देते, तिथे दाखवायचंच नाही, कारण अटच नाही तर तपासायचं काय. समोरचा "दाखव की" म्हणाला तरी तुम्ही शांतपणे नाही म्हणू शकता, ते तुमचं गुपित आहे. पण याची दुसरी बाजूही आहे, अट नाही म्हणजे "सापडलं नाही" ही मुभाही नाही. डेकमध्ये कार्ड आहे म्हणजे "कुठलंही कार्ड" आहेच, ते समोरच्यालाही ठाऊक आहे, मग एक उचलावंच लागतं.

नेस्ट बॉलला मी चार देईन. किंमत शून्य, काही टाकावं लागत नाही, बेसिक पोकेमॉन सरळ बेंचवर. पण दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. बेंचवर पाच पोकेमॉन झालेत तर खेळता येत नाही, पुन्हा तेच, भरलेला बेंच दोघांना दिसतो. आणि दुसरी गोष्ट, ही फार महत्त्वाची, नेस्ट बॉलने आलेला पोकेमॉन "हातातून बेंचवर खेळला" असा मोजत नाहीत. ल्युमिनिऑन व्ही घ्या, तिची अ‍ॅबिलिटी म्हणते की हातातून बेंचवर खेळलात तर डेकमधून एक सपोर्टर (मदतीला येणाऱ्या व्यक्तीचं कार्ड) शोधा. नेस्ट बॉलने आणलीत तर ती नुसती येऊन बसते, सपोर्टर नाही मिळत. अल्ट्रा बॉलने आधी हातात घ्या, मग हातातून बेंचवर ठेवा, आता मिळतो. २०१७ मधल्या टापू लेले जीएक्सचंही अगदी असंच होतं. एकच पोकेमॉन, दोन बॉल, आणि निकाल पूर्ण वेगळा. माझ्या मते ज्या डेकमध्ये असे "हातातून" वाले पोकेमॉन आहेत तिथे नेस्ट बॉल कितीही स्वस्त वाटला तरी अल्ट्रा बॉलची जागा तो घेऊच शकत नाही.

बडी-बडी पॉफिन ७० किंवा कमी एचपीचे दोनपर्यंत बेसिक बेंचवर आणतो, उत्क्रांतीच्या डेकला वरदान आहे. बेंचवर एकच जागा असेल तर एकच आणा, चालतं. अर्दन व्हेसल एक कार्ड टाकून दोनपर्यंत बेसिक एनर्जी देतो, स्पेशल एनर्जी नाही, हे विसरू नका. आर्वेन सपोर्टर आहे, एक आयटम (हे बॉल असतात तसलं कार्ड) आणि एक टूल (पोकेमॉनला जोडायचं साधन) दोन्ही शोधून देतो, टूल नको असेल तर नुसता आयटम घ्या, पण सपोर्टर असल्यामुळे टर्नला एकच, आणि पहिला टर्न ज्याचा असतो त्याला त्या टर्नमध्ये सपोर्टर खेळताच येत नाही.

या सगळ्यांचा एक छुपा फायदा आहे जो कार्डावर लिहिलेला नसतो, आणि मला वाटतं चांगला खेळाडू इथेच ओळखू येतो. सामन्यातला पहिला शोध म्हणजे प्राइझ तपासायची संधी. अल्ट्रा बॉल खेळला, डेक पंख्यासारखा उघडला, तर हवं ते कार्ड लगेच उचलू नका. आधी डेकमध्ये ज्यांची एकच प्रत आहे ती कार्डं शोधा. हातात नाहीत, टेबलावर नाहीत, डेकमध्येही नाहीत, मग ती त्या सहा प्राइझमध्ये आहेत. एखादी एकुलती प्रत प्राइझमध्ये जाण्याची शक्यता ६० पैकी ६, म्हणजे दहा टक्के, ही काही थोडी नाही. एकच प्रत असलेल्या कार्डावर सगळी चाल रचली आणि ते प्राइझमध्ये पडलंय हे पाचव्या टर्नला कळलं तर उपयोग काय. एकेक करून बघायची सवय लावली की फार वेळ लागत नाही, आधी एकेकट्या प्रती, मग दोन प्रतीवाले, मग मुख्य पोकेमॉनची ओळ, बस. प्राइझमधला बेसिक पोकेमॉन परत मिळवायला हिसुइयन हेवी बॉल आहेच, पण प्राइझमध्ये काय आहे हे आधी कळलं तरच तो खेळायचा की वाचवायचा ते ठरवता येतं.

दुसऱ्या कार्ड गेममधून आलेल्यांसाठी एक इशारा. मॅजिकमध्ये नियम जवळपास हाच आहे, अटीचं कार्ड असेल तर न सापडल्याचं म्हणता येतं, आणि तिथे गिफ्ट्स अनगिव्हन नावाच्या कार्डावर लोकांनी यातूनच अख्खी चाल बसवली, चारपर्यंत वेगवेगळ्या नावांची कार्डं शोधायची असतात आणि त्यातली दोन समोरच्याने निवडून ग्रेव्हयार्डमध्ये (तिथली डिस्कार्ड पाइल) पाठवायची, तर मुद्दाम दोनच शोधायची म्हणजे समोरच्याला निवडच उरत नाही आणि तुम्हाला हवी ती दोन्ही थेट ग्रेव्हयार्डमध्ये. युगीओमध्ये मात्र नेमकं उलट, डेकमध्ये बसणारं कार्ड नसेल तर शोधाचा इफेक्ट चालूच करता येत नाही. शिवाय तिथे ॲश ब्लॉसम हातातून टाकून तुमचा शोध भर रस्त्यात मोडता येतो. पोकेमॉनमध्ये समोरचा तुमच्या टर्नमध्ये असं हातातून काही खेळत नाही, तुम्ही शोधायला लागलात की शोध पूर्ण होतो, आणि मला पोकेमॉनची ही शांतता जास्त आवडते. इथे अडवणूक आधीच्या टर्नला करून ठेवावी लागते. उदाहरण म्हणजे २०२५ च्या प्रिझमॅटिक एव्होल्युशन्समधला बुड्यू, एनर्जी न लावता हल्ला करतो आणि पुढच्या टर्नला तुम्हाला आयटम खेळता येत नाहीत. सगळे बॉल हातात धरून बसायचं. अशा वेळी पिजॉट ईएक्स सोनं वाटतो, कारण तो आयटम नाही, अ‍ॅबिलिटी आहे. फक्त एक, बेंचवर दोन पिजॉट असले तरी क्विक सर्च टर्नला एकदाच, कार्डावर स्पष्ट लिहिलंय.

तक्रार करायची तर एकच, आणि ती मनापासून आहे. न सापडण्याची मुभा, रिकाम्या डेकचा नियम, "हातातून" म्हणजे नक्की काय, यातलं काहीच कार्डावर नाही. कार्डावर जागा कमी असते हे मान्य, पण नवीन मुलगा किंवा मुलगी कार्ड वाचून खेळते आणि समोरचा अनुभवी माणूस "मला काही सापडलं नाही" म्हणतो तेव्हा तिला वाटतं आपल्याला गंडवलं. तिथे अनुभवी माणसाने दोन मिनिटं थांबून समजावून सांगावं, एवढं तर आपण करू शकतो. अ‍ॅपवर खेळलं तर चुकीचं कार्ड उचलताच येत नाही, त्यामुळे नियम अंगवळणी पडतात, पण कारण कळत नाही. टेबलावर मात्र सगळं तुमच्यावर, शोधल्यावर नीट पिसायचं, समोरच्याला काटायला द्यायचं, काही घेतलं नसलं तरी पिसायचंच.

विकत घेताना कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं छोटं अक्षर बघा, स्टँडर्डमध्ये (फक्त अलीकडची कार्डं चालणाऱ्या स्पर्धा-प्रकारात) कोणती अक्षरं चालतात ते ठराविक काळाने बदलतं. तेच कार्ड नव्या अक्षरासह पुन्हा छापलं गेलं असेल तर जुनी प्रतही चालते, त्यामुळे अल्ट्रा बॉलच्या जुन्या प्रती टाकून देऊ नका. चार प्रती घ्या, साध्या छपाईच्याच घ्या. चकचकीत हव्या असतील तर त्या पिजॉटच्या घ्या, तो टेबलावर सगळ्यांना दिसत राहतो, अल्ट्रा बॉल तर खेळला की लगेच डिस्कार्डमध्ये जातो.