वेढ्यातली नोट म्हणून रंगीत प्रिंट गळ्यात मारली

जुन्या नोटा जमवणाऱ्या नाशिककरांनी हे जरूर वाचावं, कारण मला फसवणारा माणूस अजून वेगवेगळ्या नंबरांवरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माल दाखवतोय. मला त्याने मेफकिंगची एक पौंडाची नोट 45,000 रुपयांना विकली. ती प्रिंटरवर काढलेली नक्कल निघाली.

बोअर युद्धात, म्हणजे ब्रिटिश आणि डच वंशाचे बोअर यांच्यातल्या लढाईत, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मेफकिंग गावाला 13 ऑक्टोबर 1899 ते 17 मे 1900 असा 217 दिवस वेढा होता. बाहेरून रोकड येईना, होती ती नाणी लोकांनी दडवली, तेव्हा तिथल्या ब्रिटिश फौजेचे प्रमुख कर्नल बेडन-पॉवेल यांनी गावातच नोटा काढल्या. एक पौंडाच्या नोटेचं चित्र त्यांनी स्वतः काढलं. छपाई ब्लूप्रिंटसारखी, रसायन लावलेल्या कागदावर उजेड पाडून. म्हणून ती निळी. मुलकी कारभार सुरू झाल्यावर स्टँडर्ड बँकेच्या मेफकिंग शाखेत नाणी मिळतील, असं वचन होतं. वेढा उठल्यावर बऱ्याच जणांनी त्या वटवल्याच नाहीत, आठवण म्हणून जपल्या. त्यामुळेच आज त्यांना एवढा भाव आहे.

हा गृहस्थ शहरातल्या एका प्रदर्शनात भेटला. म्हणाला, ‘पणजोबा गांधीजींच्या रुग्णसेवा पथकात होते, मेफकिंगला त्यांना पगारात मिळाली.’ ऐकायला फार छान वाटतं, पण ते पथक दक्षिण आफ्रिकेतल्याच नाताळ नावाच्या वसाहतीत होतं, कोलेन्सो आणि स्पिऑन कोपच्या लढायांत. मेफकिंग तिथून शेकडो किलोमीटर लांब, आणि वेढ्यात अडकलेलं. ही कहाणी तो दुसऱ्यांनाही सांगतोय, म्हणून मुद्दाम लिहितोय.

नोट प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटात होती, वर ग्रेडिंगचा, म्हणजे नोट तपासून तिचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीचा क्रमांक. ‘संध्याकाळी दुबईचं गिऱ्हाईक येतंय, आत्ताच ठरवा’ असा तगादा लावून त्याने यूपीआयने पैसे घेतले. नंतर तो क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर टाकला, तर तिथे वेगळ्याच देशाची नोट!

आमच्या शेजारचे काका नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. त्यांनी पाकीट फोडून भिंग लावलं आणि म्हणाले, ‘हे बघ, गुलाबी-पिवळे ठिपके. ब्लूप्रिंटला ठिपके कुठून येणार? तिथे निळा रंग कागदाच्या धाग्यांत मुरलेला असतो.’ कागद चहाच्या पाण्यात भिजवून जुना केलेला वाटत होता. वापरातल्या नोटेला घडीच्या रेषेवर जास्त मळ बसतो, इथे डाग सगळीकडे सारखाच.

पाकीट सीलबंद आहे म्हणून नोट खरी मानू नका, क्रमांक आणि फोटो स्वतः ताडून पाहा. अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, नाशिकरोडला प्रेसमधली जुनी माणसं आहेत; जाणकारांना दाखवायला दोन दिवस मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

मी 1930 वर फोन करून सायबर पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे गेले ते खातं तिसऱ्याच कुणाच्या नावावर निघालं. याच पणजोबांची गोष्ट सांगून तुम्हालाही कुणी काही विकलं असेल, तर चॅट आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पुसू नका, पाकीटही टाकू नका. तुम्हीही तक्रार द्या, म्हणजे सगळ्या तक्रारींतली खाती पोलिसांना जुळवून पाहता येतील.