भरपाईसाठी घेतलेले अंगठे आणि विकली गेलेली वाडी

गावाला घर आणि वाडी, आणि बिऱ्हाड मुंबई, ठाणे किंवा पुण्यात, अशी ज्या कोकणी कुटुंबांची स्थिती आहे त्यांनी हा अनुभव वाचावा म्हणून तो सविस्तर लिहीत आहे. जमीन घेणाऱ्याला कसे फसवतात याविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु एकही सही खोटी न करता, मालकांनाच नोंदणी कार्यालयात नेऊन, त्यांच्या नकळत त्यांची जमीन कशी विकता येते, हे आम्हालाही आमच्या श्रीवर्धनच्या वाडीचे खरेदीखत हाती पडेपर्यंत ठाऊक नव्हते. त्या दस्तांवरचे अंगठे आणि छायाचित्रे खरी आहेत आणि शुल्कही रीतसर भरलेले आहे. खोटे होते ते अंगठा घेताना सांगितलेले कारण, आणि अगदी शेवटी जोडलेले एक घोषणापत्र.

श्रीवर्धनच्या वाड्या लांबट पट्ट्यांच्या असतात. आळीच्या रस्त्याला घर, मागे विहीर, मग सुपारी आणि अधूनमधून नारळ, असे करत पट्टा समुद्राच्या अंगाला जातो. सुपारीत श्रीवर्धनी रोठ्याला जो मान आहे तो याच वाड्यांमुळे. आमची वाडी सातबाऱ्यावर 20 आर, म्हणजे बोलण्यात वीस गुंठे. आजोबांच्या पश्चात दोन काका, दोन आत्या आणि माझ्या दिवंगत वडिलांचे वारस म्हणून आई, भाऊ व मी, अशी पाच शाखांची नावे सामाईक लागली होती. वाटप झाले नव्हते, आणि पाचही घरे बाहेर असल्यामुळे वाडीचे शिंपणे, सुपारी उतरवणे, घर उघडून झाडणे ही कामे आळीतलाच एक गृहस्थ पाहत असे. तो नात्यातला नव्हता, पण घरोबा इतका की काकांच्या मुलांच्या मुंजीत तो यजमानासारखा वावरला होता. दर वर्षी सुपारीचा हिशेब तो वहीच्या पानावर लिहून पाठवी. हिशेब चोख असे, हे त्याच्याविरुद्ध लिहितानाही नोंदवले पाहिजे, कारण पुढचे सर्व त्या चोख हिशेबांच्या आधारावरच घडले.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, दिवेआगर या भागातल्या वाड्या आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे आमच्यापैकी कोणालाही जाता आले नाही. मोडलेल्या पोफळींची छायाचित्रे त्यानेच पाठवली आणि पंचनाम्याला तोच उभा राहिला. शासनाने फळबागांसाठी हेक्टरी 50,000 रुपयांची मदत जाहीर केली, पण सामाईक सातबाऱ्यावर ती एका खात्यावर जमा व्हायची तर बाकीच्या खातेदारांची संमतीपत्रे लागत होती. कोकणात त्या वर्षी असंख्य कुटुंबांची मदत याच कारणाने अडकली होती. त्यामुळे पुढच्या वर्षी त्याने दोन्ही काका आणि दोन्ही आत्यांना सांगितले की, प्रत्येक वेळी संमतीपत्रासाठी तुम्हाला त्रास नको, एकदाच मुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारा दस्त, करून ठेवू, तेव्हा चौघांपैकी कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. आमच्या शाखेला त्याने विचारलेच नाही. वडिलांच्या वारस नोंदीचे कागद निराळे आहेत, तुमचे मागाहून पाहू, एवढेच त्याने आईला फोनवर सांगितले. चौघेही सत्तरीच्या पुढचे होते आणि आम्ही तिघे कागद वाचून प्रश्न विचारणारे होतो, हा फरक त्याने बरोबर हेरला होता.

गाडी करून तो ठाण्याला आला, चौघांना एकाच दिवशी नोंदणी कार्यालयात घेऊन गेला आणि दुपारी चांगल्या हॉटेलात जेवू घालून घरी सोडले. त्या दस्ताची नक्कल आम्ही नंतर काढली. शीर्षक ‘कुलमुखत्यारपत्र’. पहिली पाने नुकसानभरपाई, पीक विमा, वीजजोडणी, तलाठी व तहसील कार्यालयातले अर्ज यांनी भरलेली आहेत आणि ती वाचून कोणाचेही समाधान व्हावे. सातव्या पानावर, एकाच अर्धविराम नसलेल्या लांब वाक्यात, घरपट्टी भरणे आणि झाडांची राखण करणे यांच्या मधोमध, ‘सदर मिळकतीचे साठेखत, खरेदीखत लिहून व नोंदवून देणे, मोबदल्याची रक्कम स्वीकारून पावती देणे’ हे शब्द येतात. तो मजकूर चौघांपैकी एकालाही वाचून दाखवलेला नव्हता. धाकट्या आत्याने चष्मा काढून कागद मागितला, तेव्हा ‘साहेबांपुढे गर्दी आहे, घरी गेल्यावर नक्कल देतो’ असे उत्तर मिळाले, आणि नक्कल कधीच आली नाही.

येथे एक व्यवहारी खूण सांगते, कारण ती बहुतेकांना माहीत नसते. नुसत्या कचेरीच्या कामांसाठी दिलेले मुखत्यारपत्र महाराष्ट्रात किरकोळ मुद्रांकावर होते. परंतु जवळच्या नात्याबाहेरच्या माणसाला स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्रावर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क आकारले जाते. आमच्या दस्तावर लाखाच्या पुढचे शुल्क भरलेले होते. वीस गुंठ्यांच्या भरपाईसाठी कोणी लाखाचे शुल्क भरत नाही. ते त्याने भरले, यावरूनच गिऱ्हाईक तेव्हाच ठरलेले होते असे मी मानते. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणी अशा कामासाठी नेणार असेल, तर मजकूर समजो न समजो, शुल्काची पावती मात्र अवश्य मागा.

मुखत्यारपत्रानंतर काही आठवड्यांनी चौघांच्याही खात्यात प्रत्येकी 10,000 रुपये जमा झाले. भरपाई आली म्हणून थोरल्या काकांनी सोमजाईला नारळ ठेवायला त्यालाच सांगितले. आकडेमोड करून पाहिली तर हेक्टरी 50,000 प्रमाणे 20 आरांचे एकूण 10,000 रुपयेच होतात, आणि तेही पाच शाखांत मिळून. चौघांना 40,000 कुठून आले? झाडांची मदत वेगळी मिळाली असेल, अशी समजूत होती. प्रत्यक्षात ही रक्कम त्याने स्वतःच्या खात्यातून पाठवली होती, आणि खरेदीखतात तीच ‘लिहून देणार यांना यापूर्वी पोचलेला विसार’ म्हणून दाखवली आहे. म्हणजे विक्री मालकांना ठाऊक होती याचा बँकेतला पुरावा त्याने मालकांच्याच पासबुकात तयार करून ठेवला. आजवर इतक्या थंडपणे आखलेली दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही.

2022 मध्ये थोरले काका गेले. मुखत्यारपत्र देणारा मरण पावला की त्याच्यापुरता तो अधिकार संपतो, असे भारतीय करार कायद्याचे कलम 201 सांगते. 2023 मध्ये खरेदीखत नोंदवताना, ज्यांच्या वतीने मी सही करतो आहे ते सर्व हयात आहेत आणि मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही, असे घोषणापत्र त्याने जोडले. काकांच्या तेराव्याला पंगतीत वाढणाऱ्यांत तो होता.

विकत घेणारे पुण्याचे सेवानिवृत्त जोडपे. दिघीचे बंदर, तिकडे येऊ घातलेले औद्योगिक क्षेत्र आणि किनाऱ्यालगतचा रस्ता यांच्या बातम्यांमुळे आमच्या भागात जागा पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली होती, त्यांतलेच ते. त्यांनी निष्काळजीपणा केला असे म्हणता येणार नाही. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेतला होता, तो स्वच्छ होता, कारण आमचा हक्क खरोखरच स्वच्छ होता. जाहीर नोटीसही दिली होती, पण ती जिल्ह्यातल्या अशा एका पत्रात, जे ठाण्या-डोंबिवलीत कोणाच्या दारात पडत नाही. त्यांना दाखवली ती पूर्ण वाडी, दस्ताच्या परिशिष्टातल्या चतुःसीमाही पूर्ण वाडीच्या, आणि मजकुरात मात्र ‘अविभक्त चार पंचमांश हिस्सा’ असे शब्द. उरलेल्या शाखेच्या सह्या गणपतीत होतील, असे त्यांना सांगितले होते. पाचपैकी एकाही मालकाला त्यांनी समोर पाहिले नव्हते. मालक वृद्ध आहेत, त्यांना त्रास देऊ नका, मुखत्यारपत्र आहेच, हे दलालाचे बोलणे त्यांना सौजन्याचे वाटले.

आम्हाला कळले ते गणपतीला गेल्यावर, वाडीला नवी काटेरी तार पाहून. शेजारच्या काकूंना विचारले, तर त्या माझ्याकडेच आश्चर्याने पाहू लागल्या. ‘अगं, तुम्हीच विकलीत ना? चौघांच्या सह्या झाल्या म्हणून तो सांगत होता. मोजणीवाले आले तेव्हा वाटलं, एकदा फोन करावा. मग म्हटलं, तुमच्या घरचा व्यवहार, आम्ही कोण विचारणार?’ फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावे बदलण्याच्या नोंदीची, नोटीस गावातल्या बंद घराच्या पत्त्यावर आली होती आणि किल्ली त्याच्याकडे होती. हरकतीचे पंधरा दिवस त्याच्याच खिशात संपले.

हा सगळा व्यवहार कशावर उभा होता, असे मला कोणी विचारले तर मी कागदपत्रांचे नाव आधी घेणार नाही. आळीतल्या प्रत्येक घराला काही ना काही दिसले होते. कोणी मोजणी पाहिली, कोणी पुण्याची गाडी, कोणी त्याला नोटीस घेताना. आमच्याबद्दल त्यांना आकस नव्हता, उलट भिडेपोटीच ते गप्प राहिले. इकडे आम्ही शहरात निर्धास्त, की आळी जागी आहे, काही वेडेवाकडे झाले तर कळवतीलच. या दोन समजुतींच्या मध्ये एकच माणूस ये-जा करत होता आणि दोन्हीकडचे बोलणे दोघांना तोच पोचवत होता. म्हणून आता आम्ही आळीतल्या तीन घरांशी थेट बोलतो, आणि वाडीत टेप घेऊन कोणी अनोळखी दिसला तर संकोच न करता फोन करा, असे त्यांना स्पष्ट सांगून ठेवले आहे.

पोलिसांनी प्रथम ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगितले. घोषणापत्राची तारीख आणि काकांचा मृत्युदाखला शेजारी ठेवल्यावर मात्र तक्रार घेतली गेली, कारण नोंदणी अधिकाऱ्यापुढे जाणूनबुजून खोटे कथन करणे हा नोंदणी अधिनियमाच्या कलम 82 खाली गुन्हा आहे. फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केले आहे. फेरफाराने मालकी ठरत नाही हे खरे, तरी नोंद तशीच राहू दिली तर तिच्यावर पुढचा खरेदीदार उभा राहतो. खरेदीखत रद्द करण्याचा दावा दिवाणी न्यायालयात आहे, आणि त्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, ती टाळमटाळीत घालवू नये. आमच्या शाखेचे नाव सातबाऱ्यावर कायम राहिल्याने, वाटप होईपर्यंत खरेदीदारांना पूर्ण वाडीचा ताबा सांगता येत नाही, एवढा आधार मिळाला. पुण्याच्या जोडप्याशी सुरुवातीला कडवटपणा आला होता. दोन्हीकडचे कागद एका टेबलावर मांडल्यावर त्यांनीही त्या गृहस्थाविरुद्ध स्वतंत्र तक्रार दिली आणि तार स्वतःच काढवली.

आळीने काय केले, हेही लिहिले पाहिजे. तो गृहस्थ अजून तेथेच राहतो, उत्सवाच्या वर्गणीची वही अजून त्याच्याकडे आहे, आणि दोन्ही बाजूंच्या ओळखीची माणसे आम्हाला येऊन सांगतात की, झाले गेले, गोडीने मिटवा, कोर्टात आयुष्य जाईल. कोर्टात वेळ जातो हे नाकारता येत नाही. पण गोडीने मिटवायचे म्हणजे पुण्याच्या माणसांचे पैसे आणि आमची वाडी यांतले कोणी काय सोडायचे, हे सांगायला कोणी तयार नसते.

दरम्यान जे आम्ही केले ते कोणालाही घरबसल्या करता येते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि गट क्रमांक टाकून आपल्या मिळकतीवर काही दस्त नोंदले गेले आहेत का, हे सूची क्रमांक 2 मध्ये पाहता येते. महसूल विभागाच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा दिसतात, आणि सगळी नावे सामाईक असली तरी एक जण जरी त्या नियमाने पाहत राहिला तरी पंधरा दिवसांची मुदत हातून जात नाही. तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, आम्ही सर्वांचे शहरातले पत्ते लेखी देऊन पोच घेतली. आमचे प्रकरण कानावर गेल्यावर त्याच आळीतल्या दुसऱ्या एका घराने शोध घेतला, तेव्हा बडोद्याला राहणाऱ्या त्यांच्या आजींचे त्याच गृहस्थाच्या नावे केलेले, तशाच मजकुराचे मुखत्यारपत्र सापडले. ते अजून वापरलेले नव्हते. त्यांनी ते नोंदणीकृत दस्ताने रद्द केले, रद्द केल्याची सूचना त्याला पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने पाठवली, तिच्या प्रती दुय्यम निबंधक आणि महसूल कार्यालयात दिल्या, आणि जाहीर नोटीस मुंबईत व रायगडात दोन्हीकडे वाचल्या जाणाऱ्या दैनिकात छापली.