वुल्फ टोनचं आत्मचरित्र: कोणती आवृत्ती घ्यावी, वाचायला कुठून सुरुवात करावी

ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभा राहिलेला आयरिश क्रांतिकारक थिओबाल्ड वुल्फ टोन याचं आत्मचरित्र आणि डायऱ्या घ्यायच्या तर आधी आवृत्ती बघा. 1826 ची दोन खंडांची आवृत्ती वॉशिंग्टनला छापली गेली, संपादक त्याचा मुलगा विल्यम. तिचे स्कॅन इंटरनेटवर फुकट मिळतात. मात्र मुलाने कात्री मोकळ्या हाताने चालवली आहे. बापाची लग्नाआधीची प्रेमप्रकरणं गेली, अमेरिकेबद्दलचे कडवट शेरेही गेले. स्वतः अमेरिकी सैन्यात अधिकारी राहिलेला मुलगा दुसरं काय करणार! स्कॅनवरून छापलेली प्रत विकत घेणार असाल तर दोन्ही खंड आहेत ना, हे तपासा. फ्रान्समधली डायरी दुसऱ्या खंडात आहे आणि खरी मजा तिथेच आहे.

वगळलेला मजकूर परत जोडलेली आवृत्ती डब्लिनच्या लिलिपुट प्रेसने 1998 मध्ये काढली, संपादक टॉमस बार्टलेट. जवळपास हजार पानांचा एकच ठोकळा, झोपून वाचायचं नाव नको. तरी घ्यायची तर हीच. ऑक्सफर्डने काढलेले त्याच्या लिखाणाचे तीन खंड अभ्यासकांसाठी. ते ग्रंथालयातच चाळावेत.

नवा वाचक हमखास अडतो तो टोपणनावांवर. ऑक्टोबर 1791 मध्ये बेलफास्टला ‘युनायटेड आयरिशमेन’ ही टोन आणि त्याच्या साथीदारांची राजकीय संघटना स्थापन झाली, त्या दिवसांच्या नोंदी उघडल्या की ‘पी. पी.’ पुन्हा पिऊन पडलेला असतो, ‘हटन’ त्याला उपदेश करत असतो आणि कोण कोणाला बोलतंय ते कळत नाही. म्हणून एक चिठ्ठी करून पुस्तकात ठेवा: हटन म्हणजे खुद्द टोन, पी. पी. म्हणजे टॉमस रसेल, गॉग म्हणजे जॉन कियो, टॅनर म्हणजे रॉबर्ट सिम्स, ब्लेफस्क्यू म्हणजे बेलफास्ट. एवढ्यावर पहिली शंभर पानं सुटतात.

कंटाळा आला तर थेट डिसेंबर 1796 वर जा. आयर्लंडमध्ये उतरून ब्रिटिशांशी लढायला फ्रान्समधल्या ब्रेस्टहून 43 फ्रेंच जहाजं आणि सुमारे 15,000 सैनिक निघाले, पण सेनापती ओशचं जहाजच चुकलं. टोन ‘अँदोंताब्ल’ जहाजावर, समोर आयर्लंडमधल्या बँट्रीचा किनारा आणि पूर्वेचा वारा उतरू देत नाही. दिवसागणिक नोंदी वाचताना आशा कशी झिजत जाते ते दिसतं. पुढे काय झालं हे माहीत असलेल्या इतिहासकाराला असं लिहिणं जमत नाही.

उणिवा आहेत. 1793 ते 1795 च्या डायऱ्या बहुतेक हरवल्या. शेवटची नोंद जून 1798 ची. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये ब्रिटिशांनी केलेली अटक, 10 नोव्हेंबरचा लष्करी खटला, फाशी चुकवायला गळ्यावर चालवलेला चाकू आणि 19 तारखेचा मृत्यू, हे सगळं मुलाच्या लेखणीतून येतं. तिथे बाप संगमरवरी पुतळा होतो. डायरीतला खट्याळ, क्लॅरेटवर, म्हणजे फ्रेंच लाल वाइनवर, खूश माणूस तिथे शोधू नका.

आपल्याकडच्या वाचकाने लंडनमधला कायद्याच्या शिक्षणाचा भाग गाळू नये. तिथे टोन आणि त्याचा भाऊ विल्यम हेन्री ईस्ट इंडिया कंपनीत शिपाई व्हायला जातात, पण मोसमातली जहाजं आधीच सुटलेली असतात. थिओबाल्डचं हिंदुस्थान राहिलं. विल्यम हेन्री मात्र पुढे पुण्याला पोचला, पेशव्यांच्या पायदळात अधिकारी झाला आणि मराठ्यांच्या संस्थांवर त्याने एक पत्ररूप पुस्तिकाही लिहिली. सूचीत बघताना गल्लत करू नका: संपादक तो मुलगा विल्यम, पुण्याचा तो काका.